डावी वायर उजवीकडे

दि. ६ फेब्रुवारी

चि. सौ. वन्संना,
अ. उ. आ.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकमेकींना बरं आहे ना विचारतो आणि मग नुसत्या गप्प बसतो. पत्रात निदान वाक्य पुरं होतं.

इकडे मी बरी आहे. हे गेल्यानंतर आता कुठे दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर पुन्हा जायला लागले. लोकांची नावं लिहून घेण्यात सकाळ जाते. बाहेरच्या खोलीच्या भिंतीला पोपडे आले होते, म्हणून रंग काढून घेतला. ह्यांच्या खुर्चीच्या मागे त्यांचं डोकं टेकून टेकून एक तेलकट गोल झाला होता. तेवढा राहू द्या असं रंगाऱ्याला सांगायचं मनात होतं, पण सांगायला लाज वाटली. आता तो नाही.

ह्याच रंगाऱ्याने टीव्हीमागच्या सगळ्या वायरी उपटल्या, पुसल्या आणि बादलीत घालून ठेवल्या. धूळ किती होती, हे मला कौतुकाने सांगितलं. मी अंदाजाने लावून पाहिल्या. चित्र आलं ते हिरवं, आणि आवाज अजिबात नाही. ह्यांचा संच असा मुका बघवत नाही. संध्याकाळी घरात काहीतरी बोलत असायचं, ते बंद झालं.

आता एक लिहिते, राग मानू नका. मागच्या महिन्यात तुमच्याकडे राहिले होते, तेव्हा धूळ पुसताना तुमच्या टीव्हीचं कपाट पुढे ओढलं. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढरी पट्टी, आणि तिच्यावर ह्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं. डावा स्पीकर. उजवा स्पीकर. टीव्हीकडे. सगळ्या वायरी वेणी घातल्यासारख्या एकत्र बांधलेल्या. मी तिथे बराच वेळ बसून राहिले. तुम्ही स्वयंपाकघरातून हाका मारत होतात, त्या ऐकू येत होत्या.

ह्यांनी घेतलेले दोन्ही संच, टीव्ही-स्पीकर सगळं, एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून आले होते. तुमच्याकडे वेणी, आणि माझ्याकडे कावळ्याचं घरटं. चिठ्ठी एकही नाही. शिवाय आमच्याकडे डावं-उजवं उलटं. चित्रात गाडी खिडकीकडे जायची आणि आवाज दाराकडे. शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला डावा हात कळत नाही, म्हणून मी हसायची. तेही हसायचे आणि विषय बदलायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच.

भावोजींना नमस्कार. जीव लावता तसा लावत राहा. वर लिहिलेलं मनावर घेऊ नका.

तुमची,
वहिनी


दि. ११ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

अगं, राग कसला? उलट गंमत वाटली. माझ्या कपाटामागे बसून तू जळत होतीस, आणि मी इकडे तुला हाका मारून मारून घसा बसवून घेत होते!

तुझ्या घरात आवाज नाही हे मात्र वाचवेना. आमच्या साहेबांना पाठवलं असतं, पण त्यांचा काही उपयोग नाही. बल्ब बदलायचा तर आधी खाली जाऊन घराची वीज बंद करून येतात, आणि मग अंधारात बल्ब कुठे ठेवला ते आठवत नाही. तेव्हा मीच येते, येत्या रविवारी. दादाच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा कागदावर उतरवून आणते. संच सारखेच, तेव्हा वायरीही सारख्याच लागणार.

दादाने आमच्याकडे संच लावला तो दिवस मला अजून दिसतो. कपाटाखाली आडवा, बाहेर नुसते पाय. मी बॅटरी धरून. लहानपणी तो रेडिओ उघडायचा तेव्हाही बॅटरी मीच धरायची. हात हलला की टपली. त्या दिवशीही मारली, या वयात! संध्याकाळी काम संपलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. चित्राचा रंगसुद्धा माझ्या साडीशी ताडून बघून जुळवून दिला. लाल तो लालच दिसला पाहिजे म्हणाला.

तुला हे सगळं लिहावं की नाही, कळत नाही. पण लिहिलं.

रविवारी जेवायलाच येते. माया पातळ होऊ देऊ नकोस, वरण झालं तर चालेल.

तुझी,
वन्सं


दि. २१ फेब्रुवारी

चि. सौ. वन्संना,
अ. उ. आ.

रविवारी तुम्ही आलात, एवढी खटपट केलीत, त्याबद्दल आभार. गेल्यावर लगेच लिहायला हवं होतं. लिहायला बसले आणि दोनदा उठले.

चित्र फार चांगलं आलं आहे. इतकी वर्षं आपण धुक्यातून बघत होतो की काय असं वाटलं. तुम्ही कागद बघून डावी वायर डावीकडे, उजवी उजवीकडे लावलीत, आणि गाडी जाते तिकडेच आवाज जायला लागला. दादाची चूक आपण सुधारली म्हणून तुम्ही टाळी दिलीत, मीही दिली. गाण्याचा कार्यक्रम लावला होता, तो दणक्यात वाजला.

तुम्ही गेल्यावर मी एक शांत नाटक लावलं. माझी खुर्ची तुम्हाला माहीत आहे, खिडकीजवळची, डाव्या स्पीकरच्या शेजारची. नाटकातली माणसं हळू बोलायला लागली की त्या स्पीकरमधून खरखर येते. वाळू चाळावी तशी. आवाज मोठा असला की कळत नाही, हळू झाला की कानात शिरते. मला वाटलं, स्पीकर बिघडला. सोमवारी दुकानदाराकडून माणूस बोलावला. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि सांगितलं की स्पीकर दोन्ही चांगले आहेत. दोष मधल्या डब्यात आहे, आवाज वाढवणाऱ्या. त्याची डावी बाजू मुळातच खराब, अगदी कारखान्यातून आल्यापासून. हे पहिल्याच दिवशी कळलं असणार असंही तो म्हणाला.

म्हणजे ह्यांना माहीत होतं. दोन संच आणले, दोन्ही वाजवून पाहिले, चांगला बहिणीला दिला आणि खरखरणारा घरी ठेवला.

वन्सं, मी कधी काही मागितलं नाही. तुमच्याकडे ते रविवारी जायचे, तेव्हा मी डबा भरून द्यायची. तुमच्या घराला त्यांनी दोन दिवस दिले, चिठ्ठ्या लिहिल्या, साडीशी रंग ताडला. माझ्याकडे अर्ध्या तासात सगळं कोंबलं, आणि चहा मागितला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. माणूस रोज घरात असला की वाटत नाही. आता घरात त्यांचं म्हणून जे उरलंय त्याला मी मोजमाप लावत बसते, आणि दर वेळी तुमचं पारडं जड निघतं.

मला तो दुसरा संच हवा आहे. चिठ्ठ्यांसकट. हा तुम्ही घ्या. तुमच्याकडे माणसं आहेत, खरखर ऐकायला कुणाला सवड होणार नाही. मी कधी अशी बोलले नाही, हे मला कळतं. तरी लिहून पाठवते.

रागावलात तरी पत्र पाठवा.

वहिनी


दि. २६ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी भांडी आपटली. साहेब बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मग मी बसून रडले. मग संच खोक्यात भरायला घेतला. खोकं मिळालं नाही, म्हणून हे पत्र. नाहीतर संचच आला असता.

तू हवा तेव्हा घेऊन जा. चिठ्ठ्यांना मी हात लावलेला नाही. पण आधी दोन गोष्टी ऐक. त्या मला तुला सांगायच्या नव्हत्या, कारण त्या सांगितल्या की माझ्याकडे काही उरत नाही.

चिठ्ठ्या चिकटवताना मी दादाला विचारलं होतं की स्वतःच्या घरीही एवढी नक्षी केलीस का. तो म्हणाला की लिफ्टच्या कामात आपल्यामागून जी पेटी दुसरं कुणी उघडणार, तिच्यातच वायरींना नावं लिहायची. घरची कोण उघडणार? घरी मी आहे. असं म्हणाला, आणि पुढची पट्टी कापायला लागला. वहिनी, माझ्याकडे चिठ्ठ्या आहेत, कारण तो माझ्याकडे नसणार होता.

दुसरी गोष्ट खरखरीची. ती मी ऐकलेली आहे. तुमच्याकडे आले की मी मुद्दाम दादाच्या खुर्चीत बसायची, तो उठवतो का ते बघायला. एकदा तू आत होतीस आणि टीव्हीवर कुणीतरी कुजबुजत होतं. खुर्चीशेजारचा, दाराजवळचा स्पीकर खरखरला. मी दादाला म्हटलं की दुकानात परत दे. तो म्हणाला की तुला दुसरंच कारण सांगून तो डबा दिला होता. दुकानदाराने महिनाभर ठेवून घेतला, आणि तसाच परत पाठवला. तेवढा महिना तुझी संध्याकाळ सुनी गेली, म्हणून पुन्हा द्यायचा नाही. त्याऐवजी तेव्हाच त्याने डब्याच्या खराब बाजूची वायर ओढून आपल्या खुर्चीकडच्या स्पीकरला लावली होती, आणि चांगल्या बाजूची तुझ्याकडे. डावं-उजवं उलटं झालं ते असं. तुला सांगू नकोस म्हणाला. सांगितलंस तर ती माझ्या खुर्चीत येऊन बसेल, मला उठवेल, हे त्याचे शब्द.

मला हे रविवारी आठवायला हवं होतं. कागद हातात होता ना, मग डोकं कशाला लागतंय! दादाची चूक सुधारली म्हणून टाळी दिली मी.

आणि माझं ऐक. त्या दिवशी त्या खुर्चीत बसून मी तुझ्यावर इतकी जळले, की घरी जाऊन साहेबांशी निष्कारण भांडले. मी कुठल्या बाजूला बसते, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. दादाने मला सगळं नीट करून दिलं. नीट करून दिलं आणि उठून तुझ्याकडे गेला. तुझा डबा तो आमच्याकडे घाईघाईने संपवायचा, माहीत आहे? अंधार पडायच्या आत निघायचं असायचं त्याला.

आता तूच पारडं बघ. संच कधी नेतेस ते कळव.

भांडलीस तरी माझीच राहा.

वन्सं


दि. ५ मार्च

चि. सौ. वन्संना,
अ. उ. आ.

खोकं शोधू नका. संच आहे तिथेच राहू द्या.

तुमचं पत्र मी दवाखान्यात खिडकीवर बसून वाचलं. रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं की काही वाईट बातमी आहे का. मी नाही म्हटलं, आणि त्यांचं नाव चुकीच्या रकान्यात लिहिलं.

घरी आल्यावर कपाट पुढे ओढलं. डाव्या बाजूची वायर काढून उजवीकडे लावली, उजवीची डावीकडे. तेवढंच. चित्राच्या वायरीला हात लावला नाही, ती तुमची कामगिरी आहे आणि ती चांगली आहे. गाडी पुन्हा खिडकीकडे जाते आणि आवाज दाराकडे. मी एकटी असून मोठ्याने हसले.

चिठ्ठ्या मी लावल्या नाहीत. ही पेटी दुसरं कुणी उघडणार नाही. घरी मी आहे.

मग तेच शांत नाटक पुन्हा लावलं आणि आधी माझ्या जागेवर बसले. काही नाही, स्वच्छ आवाज. मी इतकी वर्षं हेच ऐकत आले, आणि मला वाटायचं की संचच चांगला आहे. मग उठून दाराजवळ ह्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथे खरखर होती. शेवटपर्यंत ऐकली. मध्ये माणसं काय बोलली ते कळलं नाही.

तुम्ही जळलात हे वाचून मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते. मला वाटत होतं की हे फक्त मलाच होतं. आणि तुम्हाला त्यांनी दोन दिवस दिले, याचा अजून थोडा राग आहे. तो एकदम जाणार नाही. डबा घाईने संपवायचे, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ते तुम्ही मला दिलंत.

पुढच्या रविवारी या. पण एक सांगून ठेवते. ह्यांची खुर्ची आता मिळणार नाही, तिथे मी बसते. उठवायला बघाल तर भांडण होईल. तुम्ही खिडकीजवळ माझ्या जागेवर बसायचं. तिथे खरखर ऐकू येत नाही.

लोभ आहे, तो तुमच्याही बाजूला राहो.

तुमची,
वहिनी