कळण्याचं पीठ आणि यावलची बस

यावल,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सारिकास अ. उ. आ. आणि वर एक तक्रार.

पिठाच्या पिशवीत ही चिठ्ठी घालते आहे. फोनवर बोलावं तर तुझ्याजवळ सासूबाई असतात नि माझ्याजवळ तुझे आबा. आबांना कमी ऐकू येतं, पण नको तेवढं बरोबर ऐकू येतं.

आकाशच्या साखरपुड्याला तू आली नाहीस. शाळेत परीक्षा होत्या म्हणालीस. दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच कसल्या परीक्षा गं बाई? पोराचं सारं लक्ष दाराकडे होतं. आमचं काही चुकलं असेल तर तोंडावर सांग. फेब्रुवारीत लग्न आहे. बहिणीशिवाय हळद लावून घेणार नाही म्हणतो, आणि तो तुझ्याइतकाच हट्टी आहे.

तुझं पोट बरं नसतं, वाळलीस, असं आमचे जावई ललितराव म्हणाले. म्हणून या खेपेला कळण्यात ज्वारीबरोबर उडीद हात सैल सोडून घातलेत. रोज भाकरी कर, लसणाच्या चटणीबरोबर खा, अंगात ताकद येईल.

रुसली असशील तर रुसूनच लिही, पण लिही.

तुझी आई


देवपूर, धुळे,
२२ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि.

मी कुणावर रुसले नाही गं. लाज वाटत होती म्हणून गप्प होते. साखरपुड्याच्या सकाळी साडी नेसून मी स्टँडवर आले होते. बस लागली, पायरीवर पाय ठेवला आणि पोटात पिळवटून आलं. हल्ली असंच होतं. जेवले की पोट फुगतं, कळ येते, मग क्षणाचाही धीर निघत नाही. मधेच कुठे उतरणार, कंडक्टरला काय सांगणार? घरी परतले आणि परीक्षेचं खोटं बोलले. त्या दिवशी फार रडले.

सासूबाई म्हणतात, बठ्ठं मनाचं शे. सगळं मनाचंच आहे का ते बघायला डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, त्या चांगल्या आल्या. ते म्हणाले, आतड्यात जखम नाही, पण आतडं हळवं झालंय. त्रास खराच आहे, भीतीने वाढतो एवढंच. काही पदार्थ थोडे दिवस सोडायचे आणि मग एकेक परत खाऊन बघायचे. कांदा, लसूण, दूध, गहू आणि, लिहिताना हात अडतो आई, उडीद.

तुझं पीठ बंद केलं आणि पोट निवलं. पीठ डब्यात तसंच आहे. खाववत नाही आणि टाकवतही नाही. आशीर्वाद दे, पीठ मात्र सध्या नको.

तुझी सारिका


यावल,
२९ डिसेंबर २०२४

चि. सौ. सारिकास अ. उ. आ.

पत्र पोचलं. माझ्या आजीपासून या घरात कळण्याची भाकरी खाऊनच माणसं वाढली, कुणाचं पोट बिघडल्याचं ऐकलं नाही. तुझे डॉक्टर खानदेशातले आहेत का, एकदा विचार. आजारी लेकीला मीच आजार पाठवत होते की काय, या विचाराने मला घास गिळवत नाही. जास्त लिहीत नाही.

आई


देवपूर, धुळे,
१९ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस, सा. न. वि. वि., आणि राग थोडा कमी करावा.

डॉक्टर खानदेशातलेच, साक्रीचे आहेत. कळण्याची भाकरी त्यांनाही आवडते. ते म्हणाले, पीठ वाईट नाही, माझ्या पोटाला सध्या ते जड जातं इतकंच. शेजारच्या रत्नाताईंना गव्हाने त्रास होतो, उडदाने काही होत नाही. ज्याचं त्याचं पोट. आता एकेक खाऊन बघते आहे. दूध चाललं. आपल्याकडची केळी जरा कडक असताना चालतात, फार पिकली की नाही. लसूण अजिबात नाही. उडीद अगदी थोडे असले तर निभतात, तेव्हा तुझ्या भाकरीशी कायमची काडीमोड झालेली नाही.

पोटाचं जमत आलंय, बसचं जमत नाही. ललित म्हणतात गाडी करू. पण गाडीत सगळी सासरची माणसं, त्यांच्यासमोर थांबवा म्हणायचं तर आणखीच जीव जातो. पुढे मांडवात बट्टी, वरण, वांग्याची घोटलेली भाजी आणि आत्यांचा आग्रह. मी न आलेलीच बरी. आकाशला तूच समजाव. मला जमणार नाही.

तुझी सारिका


यावल,
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सारिकास अ. उ. आ.

आकाशला समजावलं नाही. त्याऐवजी तुला वाटेत कुठे कुठे उतरता येईल ते बघत बसने धुळ्याला जाऊन आले. आबांना सांगितलं, अमळनेरला लुगडी बघायला जाते. भुसावळपलीकडे मी कधी एकटी गेले नव्हते हे तुला माहीत आहे. चोपड्याला उतरले. स्टँडसमोर तानुबाई बांगड्यांचं दुकान चालवतात, मागेच घर आहे. माझी लेक येईल, तिला घाईने आत जावं लागलं तर जाऊ द्या, म्हटलं. त्यांनी मागचं दार दाखवूनच दिलं. अमळनेरला लुगड्यांच्या दुकानातल्या मोहिनीताईंना विचारलं तर त्या हळूच म्हणाल्या, मलाही हाच त्रास आहे, आजवर कुणाला बोलले नाही. आम्ही दोघी चहा घेत बसलो. धुळ्यात तुझ्या घरी मात्र आले नाही. आले असते तर तुझ्या सासूबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नसतं.

पिशवीत नुसत्या ज्वारीचं पीठ आहे. गिरणीत सकाळी पहिलं दळण आपलं लावलं, उडदाचा कणही नाही. आचाऱ्याला तुझं वरण बिनलसणाचं, वेगळं काढायला सांगितलंय. आत्यांना मी बघून घेते.

लेकीला न्यायला भाऊ मुराळी येतो, पण आपला मुराळी नवरदेव झालाय. म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी मीच येते. बसमध्ये माझ्याशेजारी बस. पोटात कळ आली तर माझा हात दाब, कंडक्टरशी मी बोलेन. मधे उतरावं लागलं तर दोघी उतरू. मागून दुसरी बस येतेच. तीही चुकली तर हळद थांबेल, तसं आकाशनेच सांगायला सांगितलंय.

तुझी मुराळी,
आई