तायनान दौरा, आवृत्ती सात

२० ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.१०
निर्णय घेतला. तायनान. तैवानच्या पार दक्षिणेला. दोन दिवस, एक मुक्काम. मी आणि बायको, पी-श्या.
कारण शेजारचे ओउयांग. गेल्या महिन्यात नवराबायको तायनानला जाऊन आले आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटले की फोन पुढे करतात. सहाव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत अकरा फोटो. काल नूडल्सच्या वाटीचा दाखवला, तोही अर्धी खाऊन झाल्यावर काढलेला. प्लॅन काय केला होता विचारलं, तर म्हणाले, "प्लॅन कसला? पाय नेतील तिकडे गेलो."
बत्तीस वर्षं मी कीलुंगच्या बसगाड्यांची वेळापत्रकं केली. पाय नेतील तिकडे बस गेली असती तर या शहराचं काय झालं असतं?
पी-श्याला सांगितलं. ती कांद्याची पात चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "खरंच? कधी?" डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. पातीनेही येतं का ते बघायला हवं.

२० ऑक्टोबर, संध्याकाळी
नोंद: पी-श्या मूळची तायनानची. पण एकोणिसाव्या वर्षी तिथून निघाली, म्हणजे तिची माहिती चाळीस वर्षं जुनी. त्यावर विसंबून चालणार नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार
आजवर एकेचाळीस ब्लॉग वाचले. तायनानमध्ये कुठे काय खावं हे आता मला तायनानकरांपेक्षा जास्त कळतं. पहाटेचं बीफ सूप, कोळंबीचे रोल, ईल माशाच्या शेवया, शवपेटीसारखा कोरलेला टोस्ट. दोन दिवसांत चौदा खाद्यथांबे. मध्ये कन्फ्युशियसचं देऊळ, छिकान मनोरा, आनपिंगचा किल्ला.
पी-श्या म्हणाली, "ताईच्या दुकानात जाऊया ना."
तिच्या वडिलांचं, आप्पांचं, माशाच्या पेजेचं दुकान आहे, मार्केटच्या मागच्या गल्लीत. आता थोरली बहीण आ-मानताई चालवते. नकाशावर तपासलं. ३.९ तारे. एकाने लिहिलंय, "पेज उत्तम. बाई ओरडते." माझी अट किमान ४.३ची आहे. नात्यासाठी नियम वाकवला तर यादीला अर्थ काय राहिला? हे तिला शांतपणे समजावलं. तिनेही शांतपणे ऐकलं. समजूतदार आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार. दुपारी २.००
आवृत्ती तीन छापून झाली. १२ आणि १३ नोव्हेंबर ठरवले. मंगळवार-बुधवार. शनिवार-रविवारी गर्दी करायला लोक आहेतच.
पी-श्या म्हणाली, "मंगळवारी अर्धं तायनान बंद असतं."
म्हटलं, म्हणजेच गर्दी आणखी कमी.
प्रिंटर चालू असताना ती ताईबद्दल आणखी काहीतरी सांगत होती. प्रिंटर फार आवाज करतो. "नंतर विचारणे" असं लिहून ठेवलं.

३ नोव्हेंबर, रविवार
विचारायचं राहिलं होतं; तिनेच सांगितलं. आ-मानताई दुकान बंद करतेय. कायमचं. हातांच्या बोटांत जोर राहिला नाही, मासा सोलवत नाही. शेवटचा दिवस १३ नोव्हेंबर.
योगायोग बघा! तेव्हा आपण तिथेच! तिला म्हटलं, याला म्हणतात प्लॅनिंग. लगेच बुधवारच्या रकान्यात "नातेवाईक, ११.२० ते ११.४५" घातलं. २५ मिनिटं. किल्ल्याला ३० दिलीत, तेव्हा कुणाला कमी वाटायचं कारण नाही.
तिने कागद बघितला आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला गेली. खूप वेळ घड्या घालत होती. कपडे एवढे नव्हते.

७ नोव्हेंबर, गुरुवार
पोटाला सराव हवा. आज संध्याकाळी दीड तासात पाच पदार्थ खाल्ले. मध्ये दहा-दहा मिनिटं चालणं. प्रयोग यशस्वी.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
दिवसभर झोपून. हवा बदललीय. पी-श्याने नुसता मऊ भात दिला. "तायनानला काय करणार तुम्ही?" म्हणाली. तायनानला हवा कोरडी असते हे तिला माहीत नसावं.

१० नोव्हेंबर, रविवार
आवृत्ती सात. अंतिम. तीन प्रती, प्लास्टिकच्या पाकिटांत. एक माझ्याकडे, एक तिच्याकडे, एक बॅगेत (बॅग हरवली तर पहिल्या दोन आहेत).
ओउयांगना लिफ्टमध्ये दाखवली. पहिलं पान वाचून होईपर्यंत तळमजला आला. म्हणाले, "च्यानसाहेब, यात लघवीला जायची वेळ कुठे आहे?" हलक्या दर्जाचा विनोद. घरी येऊन चार ठिकाणी घातली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ९.५०, तायनान, हायस्पीड स्टेशन
वेळेत पोहोचलो. आता बारा मिनिटं चालत देऊळ.

१०.१०
स्टेशनच्या चारी बाजूंना शेतं आहेत.
चौकशीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजोबा, शहर इथून लांब आहे. पलीकडे दुसरी गाडी लागते, ती पकडा." आजोबा! पी-श्या म्हणाली, "मी गेल्या आठवड्यात सांगितलं होतं." सांगितलं असेल. पण ती तायनानहून निघाली तेव्हा हे स्टेशन नव्हतंच, मग तिला माहीत कसं? विचारलं. "ताईशी मी रोज फोनवर बोलते," म्हणाली. रोज? कधी?

दुपारी १.३०
शेवया: बंद. रोल: बंद. टोस्ट: दारावर चिठ्ठी, "मालक मुलीच्या लग्नाला गेले आहेत". एवढ्या नावाजलेल्या दुकानदाराने लग्नाचा मुहूर्त बघताना गिऱ्हाइकांचा विचार करायला नको? चौथं उघडं होतं, पण आज फक्त घरच्यांसाठी. आत घरचे जेवत होते. एक आजी ओठ पुसत बाहेर आल्या, पी-श्याकडे बघत राहिल्या आणि एकदम ओरडल्या, "अगं, तू पेजवाल्याची धाकटी ना!" तिचे दोन्ही हात धरून त्या भराभर त्यांच्या बोलीत बोलायला लागल्या. मला तीन शब्दांतला एक कळत होता. त्यांनी आम्हाला आत बोलावलं. मी घड्याळ दाखवून नम्रपणे नकार दिला, कारण १.४५ला मनोरा.
पी-श्याचा चेहरा बघायला वेळ नव्हता.

संध्याकाळी ६.४०
मनोऱ्याची दुरुस्ती चालू आहे. बांबूंची परांची बघितली. फोटो काढले.
जेवण: कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातले भाताचे गोळे, प्लास्टिक काढून. कीलुंगलाही हेच मिळतात, पण तिथले इतके ताजे वाटत नाहीत.
तिला विचारलं, दमलीस का? म्हणाली, "नाही." मग म्हणाली, "अहो, उद्याचा दिवस तरी माझा असू दे." म्हटलं, दोघांचाच आहे, कागदावर दोघांची नावं आहेत.

१३ नोव्हेंबर, बुधवार. पहाटे ५.३०, हॉटेल
पी-श्या नाही. तिच्या प्रतीच्या मागच्या बाजूला लिहिलंय: "ताईकडे जातेय. तुम्ही तुमचं सूप प्या."
प्रथम राग आला. मग लक्षात आलं, एक माणूस कमी म्हणजे रांगेत निम्मा वेळ.

६.०५
सुपाची रांग. माझा नंबर चौसष्ट. निम्मा वेळ होत नाही असं दिसतं. पण ४.८ तारे आहेत.

८.२०
माझ्यापुढच्या माणसावर सूप संपलं. तो शेवटची वाटी घेऊन माझ्या समोरच बसला. ताईपेईहून आला होता. म्हणाला, "अप्रतिम!" मी न विचारता.
मागचा एक स्थानिक म्हातारा मला म्हणाला, "कशाला जीव काढता? तिकडे मार्केटमागे पेजेचं दुकान आज शेवटचं चालू आहे. सगळी गल्ली तिकडेच आहे." मी त्यांना कागद दाखवला: माझी तिथली वेळ ११.२०ची आहे. ते कागदाकडे आणि मग माझ्याकडे बघून निघून गेले.

११.२०, मार्केटमागची गल्ली
ठरल्या मिनिटाला हजर.
दुकानाचं शटर अर्धं खाली. आत मोठं पातेलं आडवं करून घासलं जात होतं. घासणारी पी-श्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बाह्या वर, केस विस्कटलेले. हसत होती. दारात रेंगाळलेल्या गिऱ्हाइकांवर ओरडत होती, "संपलं म्हणजे संपलं! घरी जा! की आता मलाच शिजवून खाताय?" लोक हसत होते, कुणी डोळे पुसत होतं. एकतीस वर्षांच्या संसारात तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. तो "बाई ओरडते" असं लिहिणारा, मला वाटतं, तक्रार करत नसावा.
आ-मानताई स्टुलावर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, उपडे. मला बघून म्हणाल्या, "या, जावईबापू. वेळेवर आलात. पेज नऊलाच संपली."
मी म्हटलं, काही हरकत नाही, आम्ही पुढच्या वेळी...
त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. वाक्य माझ्याच लक्षात आलं. अर्धंच सोडलं.
"एक वाटी ठेवली होती हिने तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "झाकून. दहा वाजेपर्यंत धरून बसली होती. मग आप्पांचा जुना मित्र आला, ब्याण्णव वर्षांचा, काठी टेकत. त्याला दिली."
मी विचारलं, मी काही करू का? पी-श्या पातेल्यातूनच म्हणाली, "स्टुलं रचा."
रचली. एकात एक, पाच-पाचाची थप्पी. चोवीस स्टुलं. एका थप्पीत एक कमी पडलं, कारण त्यावर ताई बसल्या होत्या. त्यांना उठा कोण म्हणणार?
११.४५ कधी झाले कळलं नाही. किल्ला राहिला.

दुपारी ३.१५, परतीची गाडी
एकटा. पी-श्या थांबली. सामान आवरायचंय, ताईचे हात चालत नाहीत. मी विचारलं, परत कधी? म्हणाली, "ठरवलं नाही." अंदाजे? "अंदाजेही नाही."
स्टेशनवर मला सोडायला आली नाही. रबरी बूट काढायला वेळ लागला असता.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
कीलुंग. पाऊस. लिफ्टमध्ये ओउयांग. विचारलं, "काय काय खाल्लंत?" मी सविस्तर सांगितलं. ब्लॉगमधलं सगळं पाठ आहे. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आणि वहिनी?"
तिचा मुक्काम वाढवलाय म्हटलं. आम्ही वाढवलाय.

१६ नोव्हेंबर, शनिवार
घरात तीन छत्र्या आहेत. एकट्याला तीन कशाला लागतात?

१७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.००
नवीन निर्णय. माशाची पेज घरी करणार. ती आली की तिच्यापुढे वाटी ठेवणार. एवढं काय असतं त्यात? भात, मासा, आलं, कोथिंबीर. कीलुंग म्हणजे बंदर, मासा काय इथे कमी आहे? बाजारातून शिमू आणला, त्यांच्या पेजेत असतो तोच मासा. कोळीण म्हणाली, "काटे मी काढून देऊ?" म्हटलं, नको, मी व्हिडिओ बघितलाय.

दुपारी १२.४०
काटे दोनशे बावीस असतात असं व्हिडिओत होतं. मी एकशे ऐंशीपर्यंत मोजले. बाकीचे माझ्या माशाला नसावेत.
वास चांगला आलाय. चव घेतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार
बाकीचेही होते.
काल दवाखाना. ओउयांगनी गाडीतून नेलं. डॉक्टरांनी चिमट्याने काटा काढून बशीत ठेवला, नखाएवढा. घशाला जखम आहे. दोन दिवस एक शब्दही बोलायचा नाही. मी कागदावर लिहून विचारलं, कुजबुजलं तर? ते म्हणाले, "तेही नाही."
संध्याकाळी पी-श्याचा फोन. ओउयांगांच्या बायकोने तिला कळवलं होतं. म्हणाली, "बोलू नका. हो असेल तर टेबलावर एकदा टकटक, नाही असेल तर दोनदा. दुखतंय का?" एकदा. "ताप?" दोनदा. "मासा तुम्ही सोललात?" एकदा. ती हसली. मग ताईला सांगितलं असावं, कारण तिकडे दोघी हसल्या.
मग ती बोलायला लागली. म्हणाली, नऊ वर्षांची असताना आप्पांनी मासा सोलायला शिकवलं. अंगठ्यावर जो पांढरा व्रण आहे तो पहिल्याच दिवशीचा. मी लग्नापासून बघतोय तो. मला वाटायचं, डब्याचं झाकण लागलं असेल. दुकान तिला हवं होतं. पण एका पातेल्यावर दोन मुली जगणार नाहीत म्हणून आप्पांनी तिला उत्तरेला पाठवलं, कारखान्यात. स्टेशनवर निरोप द्यायला आले, गाडी सुटेपर्यंत पेज डब्यात गार होत होती आणि ते "खा, खा" म्हणत होते. तिने खाल्ली नाही, रागाने. तोच डबा घेऊन ते परत गेले.
हे ती मला पूर्वीही सांगायला निघाली होती, म्हणाली. तीनदा. एकदा लग्नानंतर लगेच, एकदा आप्पा गेले तेव्हा, एकदा आत्ता ऑक्टोबरमध्ये.
या वेळी मला मध्येच बोलता येत नव्हतं.
बराच वेळ झाल्यावर ती थांबली. म्हणाली, "अहो, ऐकताय का?"
एकदा वाजवलं.
 मग म्हणाली, "नवलच आहे." आणि पुढे सांगायला लागली.