तबकडीवरचं नाव

भवानी पेठ, सोलापूर
१८ फेब्रुवारी १९७८

प्रिय मालती,

तुझं पोस्टकार्ड संक्रांतीच्या आधीच आलं होतं. उत्तराला आज बसलेय, रागावू नकोस. अंगात त्राण नाही. घसा अजून बसलेलाच आहे आणि डॉक्टरांनी बोलणंही कमी करायला सांगितलंय. तू एवढंच विचारलं होतंस, 'गावात रेकॉर्ड कशी चाललीय?' चाललीय गं, फार चाललीय. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यापाशी दिवसभर तेच गाणं. लग्नाच्या मांडवात तेच. बायका मला रस्त्यात थांबवून म्हणायच्या, शेवटच्या ओळीआधी तू हसतेस ना, तसं एकदा हसून दाखव की. मी आरशासमोर उभी राहून ते हसून पाहिलं. जमलं नाही.

तू एकदा विचारलं होतंस, माझ्या गाण्याची सुरुवात कशी झाली. तेव्हा मी टाळलं होतं, कारण सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. श्रावणी सोमवारी आमच्या मठात बायका शिवभक्तीची कन्नड वचनं म्हणायला बसायच्या, माझी आई, अव्वा, पुढे आणि मी तिला टेकून. सूर घसरला की ती माझ्या पाठीत बोट टोचायची. पुढं पाहत, स्वतःचं म्हणणं न थांबवता. माझी तालीम तेवढीच. मग शेजारच्या हॉटेलातल्या रेडिओवर गिटार ऐकली आणि माझं डोकं फिरलं. सोळाव्या वर्षी एका मिलच्या गणपतीत ऑर्केस्ट्राची गायिका आलीच नाही, तेव्हा मी स्टेजवर चढून एक उडतं गाणं म्हटलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आमचं चादरींचं दुकान पेठेतच, त्यामुळे अप्पांना ते मी घरी पोहोचायच्या आधीच कळलं. चार महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना अव्वाला म्हणायचे, "तिला भाकरी हवी का, विचार."

पुढचं तुला सगळं माहीत आहे. तरी मला ते एकदा माझ्या हाताने लिहू दे. गेल्या गणपतीत मी अकरा दिवसांत अकरा कार्यक्रम केले आणि तशीच मुंबईला रेकॉर्डिंगला आले. माईकसमोर उभी राहिले तर आवाजच फुटेना. वादक बसलेले, स्टुडिओची वेळ संपत आलेली. तू कोरसमध्ये होतीस. आपल्या मास्तरांनी तुला बोलावलं, म्हणाले, "आत्तापुरतं तू गा, विजयाचा आवाज मागाहून घालू." तू एकदाच गायलीस, आणि मधेच तुला स्वतःच्याच चुकीचं हसू आलं. मास्तर म्हणाले, राहू दे, गोड वाटतंय. महिनाभर मी बोलावण्याची वाट पाहिली. आली ती छापलेली रेकॉर्ड. कव्हरवर माझा फोटो, माझं नाव. मी कंपनीत गेले, तर साहेब हसले. "आवाज कुणाचा हे ऐकणाऱ्याला कशाला कळायला हवं? चेहरा तर तुझाच आहे ना?" मालती, मी तिथे भांडायला हवं होतं. मी गप्प बसले. तू जिन्यात भेटलीस तेव्हा आपण दोघी पावसाबद्दल बोललो.

मला वाटलं होतं, असंच निभावून जाईल. पण अप्पांनी रेकॉर्ड प्लेअर आणला. ज्या माणसाने सहा वर्षं माझं गाणं ऐकलं नव्हतं, त्याने चुलत्यांना, शेजाऱ्यांना बोलावून मधल्या खोलीत रेकॉर्ड लावली. सगळे माना डोलवत होते. अव्वा दारात पीठ मळत बसली होती. गाणं संपलं, लोक गेले, अप्पा त्यांना पोहोचवायला बाहेर पडले. तेव्हा अव्वा हाताचं पीठ झाडत म्हणाली, "पोरगी लई गोड गातीया. कुणाची हाय गं?" रागाने नाही, खरंच विचारत होती. मला रडूसुद्धा आलं नाही. त्या क्षणी मला फक्त झोपावंसं वाटलं.

गेल्या रविवारी पेठेतल्या मंडळाने माझा सत्कार ठेवला होता. अप्पा नवा पटका बांधून पहिल्या रांगेत बसले होते. शाल अंगावर यायच्या आधीच मी माईक घेतला आणि त्या चिरक्या आवाजात सांगून टाकलं, की हे गाणं मी गायलेलं नाही, मुंबईच्या मालतीने गायलंय. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मागच्या खुर्च्या सरकल्या, अध्यक्षांनी शाल-नारळाचं ताट उचलून आत नेलं. अप्पा उठले, म्हणाले, "चल." आम्ही घरी आलो. उंबऱ्यात चप्पल काढताना म्हणाले, "नुसतं मालती काय? सांगायचंच होतं तर आडनावासकट सांगायचं."

आता हे पत्र का, ते ऐक. काल कंपनीचा माणूस इथे आला होता. त्याच्याकडे टाईप केलेला कागद होता, की गाणं मीच गायलंय, सत्काराच्या दिवशी तापात काहीबाही बोलले. सही केली तर पुढची रेकॉर्ड, नाही केली तर कुठलाच स्टुडिओ दार उघडणार नाही. मी सही केली नाही. अप्पांनी त्याला चहा पाजला आणि स्टेशनच्या रिक्षात बसवून दिलं. तो आता तुझ्याकडे येईल, जाताना तसं बोलूनच गेला. तुझ्यापुढे दुसरा कागद ठेवेल, की तू त्या दिवशी स्टुडिओत नव्हतीसच, आणि त्याबदल्यात तुला तुझ्या नावाची रेकॉर्ड देऊ करेल. तुझ्या घरची ओढाताण मला माहीत आहे. तू सही केलीस तर मी तुला बोल लावणार नाही, मीसुद्धा तीन-साडेतीन महिने गप्प होतेच. पण नाही केलीस, तर तुझ्या हातात काहीतरी असायला हवं. म्हणून तारीख घालून, शुद्धीत राहून लिहितेय: त्या तबकडीवरचा आवाज मालती मुकुंद डेगवेकर हिचा आहे, माझा नाही. हे पत्र हवं त्याला दाखव.

तुझीच,
विजयमाला चनमल्लप्पा हत्तुरे