पुसलेल्या फोल्डरमध्ये बसून

प्रिय बाकसोबत्या,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा वाकू लागला का आणि सूनबाई अजून तुझ्या चहातल्या साखरेवर नजर ठेवते का, ते सविस्तर कळव.

शाळेच्या मेळाव्यात सगळ्यांनी मिळून म्हणायच्या कवितांची पुस्तिका का रखडली, त्याची ही हकीकत. नातीने मला संगणकावरची एक काळी खिडकी शिकवली आहे. तिच्यात हुकूम टाइप करायचे असतात (या घरात माझे हुकूम ऐकणारं तेवढंच). आधी एखाद्या फोल्डरमध्ये शिरायचं, मग तिथे बसून कामं सांगायची. मी ‘कविता’ नावाच्या फोल्डरमध्ये शिरलो, तिसरीतली पाखरांची कविता गुणगुणलो आणि खिडकी तशीच ठेवून चहाला उठलो. तेवढ्यात तुझ्या वहिनीने संगणक झाडायला घेतला. ‘कविता’ तिला अडगळ वाटली. तिने ती पुसली आणि कचरापेटीही रिकामी केली (घरात कचरा साठवलेला तिला खपत नाही).

परत येऊन खिडकीला विचारलं, मी कुठे आहे? उत्तर आलं, ‘कविता’मध्ये. म्हटलं, मग पुस्तिका जुळव. तर म्हणे, चालू फोल्डर सापडत नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा ‘कविता’. म्हणजे हजेरीपटावर मी हजर आणि वर्गच गायब.

“अहो, तोंड पाडू नका. सगळं पेनड्राइव्हवर ठेवलंय मी,” वहिनी म्हणाली. “कुणीतरी जमिनीवर राहायला हवं ना.” तिने त्याच जागी, त्याच नावाचा फोल्डर केला आणि कविता त्यात ओतल्या. तरी खिडकीचं रडगाणं तेच.

शेवटी नातीला फोन लावला. “आजोबा, नाव तेच असलं तरी हा फोल्डर नवा आहे. तुम्ही अजून पुसलेल्यातच बसलाय. बाहेर पडा आणि परत आत जा.”

बाहेर पडलो, आत गेलो. सगळ्या कविता रांगेत उभ्या, पाखरांचीसुद्धा. मी बराच वेळ नुसता बघत बसलो (वहिनीच्या मते, पेंगत). पुस्तिका तयार झाली, सोबत पाठवतो आहे.

लोभ आहेच, वाढवायला जागा उरलेली नाही.

तुझा,
खिडकीकडचा

ता. क. जुनी शाळा पाडून त्याच जागी, त्याच नावाची नवी बांधली, तिथे मी मेळाव्यालासुद्धा पाऊल टाकणार नाही, असं मागे ठणकावून लिहिलं होतं. ते पत्र फाडून टाक.

आणखी एक ता. क. पाकिटात पुस्तिका शोधू नकोस. मीच घेऊन येतोय. खिडकीकडची जागा धरून ठेव.