थंड इंजिनाचा आवाज

पुणे,
९ नोव्हेंबर २००८

ती. सोमशेखरकाकांस,
प्रेरणाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा काकी म्हणाली, की तुम्ही गाडीखाली आहात. एवढा वेळ गाडीखाली राहणारा मेकॅनिक मी पाहिला नाही! म्हणून शेवटी कागद घेतला.

तुमच्याकडच्या शिवाजी पेठेतला धैर्यशील म्हणून एक फुटबॉल खेळणारा आहे. तो आपली लाल टर्बो गाडी विकतोय. चार वर्षांची, दीडशे अश्वशक्तीची, पंचेचाळीस हजार किलोमीटर चाललेली. फेब्रुवारीत ट्रॅकवर वेळेची शर्यत आहे. आमच्या कारखान्यातून आम्ही सहाजण उतरतोय, त्यात मुलगी मी एकटी. मला हीच गाडी हवी आहे.

तुमचे थोरले भाऊ, आमचे आण्णा, म्हणतात, की वेगाची जुनी गाडी म्हणजे दुसऱ्यानं पिळून टाकलेली गाडी. पण तेच पुढं असंही म्हणाले, की सोमूनं चांगली म्हटली तर मी तोंड उघडणार नाही. आता सगळं तुमच्यावर. एकदा बघून याल ना? काकीला नमस्कार.

तुमची हट्टी पुतणी,
प्रेरणा


कसबा बावडा,
१६ नोव्हेंबर २००८

चि. प्रेरणास,
काकाचे पोटभर आशीर्वाद.

काल गाडी बघाय गेलतो. पोरगा दणक्यात बोलतो, पण आडपडदा न्हाय. आधी मला पावणं म्हणाला, बावड्याचा मेकॅनिक म्हटल्यावर काका म्हणाय लागला.

असली गाडी बघताना रंगाला भुलायचं न्हाय. मी आधी बॉनेटचे आणि मडगार्डचे बोल्ट बघितले. पाना लागला की बोल्टाचा रंग उडतो. इथं एकाचाही उडालेला न्हाय. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्याचा पत्रा चाचपला, सुरकुती न्हाय. सगळ्या काचांवर एकच साल. म्हणजे गाडी कुठं आपटलेली न्हाय. क्लचच्या पायाखालचं रबर पंचेचाळीस हजाराला शोभेल एवढंच झिजलंय, तवा मीटर मागं फिरवलेला नसावा. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस न्हाय, म्हणजे ऑइलात पाणी मिसळत न्हाय. चौथ्या गिअरात एकदम रेस दिली. काटा वर गेला तशी गाडीपण पळाली, म्हणजे क्लच घसरत न्हाय. पुढचे टायर आतल्या बाजूनं खाल्लेत, पण ते काम किरकोळ हाय. रंकाळ्याच्या रस्त्याला टर्बोनं असा धक्का दिला की माझी टोपी मागच्या सीटवर!

घरी येऊन, डोळे झाकून घे असं लिहाय बसलो आणि हात थांबला. मी गेलो तवा बॉनेट आधीच गरम होतं. गरम इंजिन आपली खोड लपवतं. आणि दुसरी गोष्ट माझी हाय. टर्बोचा आवाज मला आलाच न्हाय. बरा न्हाय, वाईट न्हाय, कसलाच न्हाय.

पोरी, माझा डावा कान दोन वर्षांमागं गेला, उजवा अर्धा राहिलाय. म्हणून फोनवर येत न्हाय. गॅरेजात वीस वर्षांचा जोडीदार बाळासो हाय, त्याच्या तोंडाकडं बघतो. त्यानं कपाळाला आठी घातली की मी इंजिन वाईट म्हणतो. घरात काकीला ठाऊक, बाहेर कुणाला न्हाय. पण त्या गाडीत तू बसणार, जोरात पळवणार. माझी अब्रू राखाय तुला अर्धं खरं कसं सांगू? तू दुसऱ्या कुणाला तरी दाखव.

तुझा काका,
सोमशेखर


पुणे,
२० नोव्हेंबर २००८

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग रागावले. दोन वर्षं! मी तुमच्या फोनची चेष्टा करत राहिले आणि तुम्ही करू दिलीत.

दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. तुम्ही हातानं जे बघितलंत ते बघायला मला दुसरा माणूस मिळायचा नाही. राहिला आवाज. सकाळी लवकर, न कळवता जा आणि बाळासोकाकांना बरोबर न्या. पण जाण्याआधी त्यांना कानाचं सांगा. आठी बघायची नाही, तोंडानं विचारायचं. तुम्ही हे केलं नाहीत तर गाडी घेणार नाही, आणि आण्णांना सगळं कळवीन. ही धमकीच समजा.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
प्रेरणा


कसबा बावडा,
२ डिसेंबर २००८

चि. प्रेरणास,
काकाचे आशीर्वाद.

तुझ्या धमकीला भ्यालो. बाळासोला सांगितलं. त्यानं पाना खाली ठेवला आणि म्हणाला, की वर्षभर मी तुमच्या उजव्या बाजूलाच उभा राहून बोलतोय की, तुम्हाला कळलं न्हाय व्हय? आठीसुद्धा मुद्दाम मोठी घालत होता, मला दिसावी म्हणून! मला लई लाज वाटली. मग दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पेठेत. धैर्यशील सरावाला निघालेला, बॉनेट थंडगार. गाडी चालू केली आणि बाळासो वाकला. टर्बोच्या शिट्टीखाली लोखंडावर लोखंड घासतंय म्हणाला. इंजिन तापलं तसा आवाज दबला. मग दहा मिनिटं गाडी तशीच चालू ठेवून रेस दिली, तर मागं निळा धूर. ऑइल जळत होतं. बंद करून, गार झाल्यावर पाइप काढला आणि टर्बोचा दांडा चिमटीत धरून हलवला. डुलला. ट्रॅकवर तू पुरा जोर लावला असतास, तर तिथंच टर्बोचे तुकडे झाले असते. आणि मी घे म्हणून लिहिणार होतो.

धैर्यशीलचं तोंड पडलं. त्यालाही आठ महिन्यांमागं मुंबईत ही गाडी घेताना गरम इंजिनच दाखवलं होतं. पण गडी सरळ निघाला. म्हणाला, की नवा टर्बो मी बसवून देतो, तुमच्याच गॅरेजात, मगच पोरीनं गाडी न्यावी. बसवला. काल सकाळी थंड इंजिन पुन्हा चालू केलं. बाळासो म्हणतो आवाज स्वच्छ हाय, मी म्हणतो धूर न्हाय, दांडा घट्ट हाय. आता घे. हे आम्हा दोघांचं मत हाय. गाडी न्यायला येशील तवा दोन दिवस राहायच्या बेतानं ये.

गिऱ्हाइकांनाही सांगून टाकलं. एकही तुटलं न्हाय. काकीनं धरून नेलं आणि उजव्या कानाला मशीन बसवलं. पहिल्या सकाळी स्वयंपाकघरातनं बारीक आवाज आला, म्हणून आत गेलो. काकी भाकरी थापत भक्तीचं वचन गुणगुणत होती. परत कधीपासनं म्हणाय लागलीस, असं विचारलं. तिनं वर न बघताच सांगितलं, की मी बंद कधी केलंतं?

तुझा,
सोमशेखरकाका