इरम्माची कळशी

१८ एप्रिल
कळवण्यास अत्यंत दुःख होते की आज सकाळी माझा उजवा पाय पुन्हा भिजला. गुन्हेगार – इरम्माची कळशी. तिचं बूड गोल, आमची तिवई वाकडी, दोघींच्या भांडणात न्हातो मी. आमची विहीर आटली तेव्हा उताराखालच्या या शेजारणीनं पहिली कळशी स्वतः आणून दिली. आता तिच्या बोअरवरून आमच्या घागरी आम्हीच भरतो, पण कळशी इथंच. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात. आणि भरून द्यावं असं माझ्याकडं टोमण्यांखेरीज काही नाही.

२० एप्रिल
सून भाग्यश्रीचं दूध पुरत नाही, म्हणून तान्ह्या बाळाला डब्याची पावडर. माझी बायको सुमन त्यासाठी पाणी किती वेळ उकळते! निम्मं आटवूनच उतरवते. आज बाळाचे ओठ जांभळट दिसले. मी म्हणालो, आजोबावर गेलंय. कुणी हसलं नाही.

२१ एप्रिल
जांभळट नव्हे. निळं. नखंसुद्धा. गाडी बोलावलीय.

२२ एप्रिल, धाराशिव
रक्त काढलं तर चॉकलेटी. मी आयुष्यभर विनोदी लेखांत लोकांच्या रंगावर लिहिलं, असला रंग पाहिला नव्हता. निळ्या बाळाला औषधही निळंच टोचलं. हसू आलं, मग बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी एकच विचारलं – पाणी कुठलं? पाण्यात नायट्रेट असणार म्हणाल्या, ते तान्ह्याच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. शेणाचं, युरियाचं. उकळून जात नाही, आटवलं की आणखी दाट होतं. सुमन भिंतीला टेकली. "त्या बाईनं काय पाजलं गं माझ्या नातवाला?"

मी मान डोलावली. डोलावली मी.

२४ एप्रिल
बाळ गुलाबी होतंय. जरा धीर आला तसा घरी आलो, इरम्माला फैलावर घ्यायला. वाक्यंही तयार होती, चांगली धारदार.

ती घरी नव्हती. बोअरपाशी उकिरडा शोधला. तिच्याकडं जनावर म्हणजे एक शेळी. मग वर पाहिलं.

वर माझा गोठा. चौदा म्हशींचं शेण, गोठ्याची धुवण, सगळं लगतच्या हिरव्या चाऱ्याच्या, घासाच्या तुकड्यावर. शिवाय युरिया. माळावरचं रान लांब, पाट्या कोण वाहणार? त्या रानानं कित्येक वर्षांत शेणाची पाटी पाहिली नाही. घासाला पचलं तेवढं त्यानं खाल्लं. उरलेलं कुठं जातं, हे मी कधी विचारलंच नाही. उतार कुठं जातो ते मात्र माहीत होतं.

तिथंच खाली बसलो. इरम्माची सून उमादेवी हंडा भरायला आली. सातवा महिना. "काका, बाळ कसं हाय?"

बरंय म्हणालो. बाकीचं तोंडातून निघेना. तिनं हंडा भरून नेला.

२५ एप्रिल
झोप नाही. उमादेवी तेच पाणी पितेय, आणि मी भितोय कशाला, तर इरम्मा काय म्हणेल याला.

२६ एप्रिल
सकाळी ट्रॅक्टर लावला. शेण माळावर. घासाच्या तुकड्याला माती तपासल्याशिवाय आता पाटीही नाही. मग शुद्ध पाण्याच्या जारमधून कळशी भरली आणि इरम्माच्या उंबऱ्यावर ठेवली. म्हणालो, "बोअरचं पाणी सुनेला देऊ नका. घाण माझ्या गोठ्याची आहे."

तिनं कळशीत वाकून पाहिलं. "आन् उद्या?"

"उद्याही मीच आणतो."

पाय भिजला होता. पुसला नाही.