गाबोळीतलं दुसरं प्रथिन

श्री
गिरगाव, ८ जानेवारी १९८३

चि. सुमेधास अ. उ. आ.

आरएनए म्हणजे पेशीतला निरोप, त्याच्या टोकाला टोपी, आणि ती टोपी धरणारं प्रथिन निरोप वाचणाऱ्यांना बोलावून आणतं, इथवर कळलं. आमच्या शाळेच्या कवितांत ढग निरोप नेत, पाखरं नेत. टोपी एकाही कवीला सुचली नाही!

पण माशाच्या गाबोळीत, म्हणजे अंड्यांत, तुला दुसरंच प्रथिन दिसलं, जे टोपी धरून बसतं आणि निरोप वाचूच देत नाही. आणि तुझे सर म्हणतात, ही शिळ्या मासळीची घाण? मग ताजी मी आणतो. वाडीत येणाऱ्या शांती कोळणीला विचारलं. म्हातारपणी बाटलात की काय, म्हणाली. तिचा मुलगा धर्मा गिरणीच्या संपात, घर तिच्या पाटीवर चाललंय. तरी बर्फात घालून देते म्हणाली, आणि शिळी म्हणणाऱ्याला माझ्यासमोर उभा करा म्हणाली.

डबा परळला तुझ्या प्रयोगशाळेच्या फाटकावर ठेवीन. तो आजीचा पोह्यांचा आहे, घरी बोलू नकोस.

तुझा,
आजोबा

परळ, २ मार्च १९८३

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

ताज्या गाबोळीतही ते आहे! टोप्या चिकटवलेल्या मण्यांवरून गाबोळीचा रस सोडला. बाकी सगळं वाहून गेलं, नेहमीचं आणि हे नवं, ही दोन प्रथिनं राहिली. वरून सुट्या टोप्या ओतल्या तेव्हाच सुटली. घाण अशी टोपी ओळखत नाही.

सर म्हणाले, परदेशात कुणाला दिसलं नाही ते तुला परळला कसं दिसेल? ते प्रकरण प्रबंधातून काढ, उद्या सही करतो. नाहीतर दुसरा मार्गदर्शक शोध. मी काढणार नाही म्हटलं. टेबल रिकामं करून दिलं. बाबा म्हणतात, गिरणगावात चुली थंड पडल्यात आणि हिला हट्ट सुचतोय. आजोबा, चुकलं का माझं?

तुमची,
सुमेधा

गिरगाव, ५ मार्च १९८३

चि. सुमेधास अ. उ. आ.

नाही चुकलं. तुझ्या बाबांनाही तसंच सांगितलं. ते पान न खाता उठून गेले. जाऊ देत. काल धर्मा भेटला. गिरण्या उघडत नाहीत म्हणतात, पस्तावतोस का, विचारलं. म्हणाला, मागणी खरी होती, आता उपाशी आहे म्हणून ती खोटी होती असं कसं सांगू?

नवा मार्गदर्शक मिळेल तेव्हा मिळेल. रविवारी ते प्रकरण घेऊन ये. शांती, धर्मा, आजी, सगळ्यांना गच्चीत बसवतो. एक अक्षर कळलं नाही तरी चालेल. तू वाच, खणखणीत, शेजारच्या वाडीत ऐकू जाईल असं.

माया आहेच, ती तुझ्याकडूनही येत राहो.

तुझा,
आजोबा